अठ्ठेचाळीस दिवसांनी आलेला वास

मास्तरांच्या पाठीला तीन वर्षे खाज सुटत होती. साधी खाज नव्हे, गिऱ्हाइकासमोर उभे असता अंगात शंभर सुया एकदम टोचाव्यात, आणि सभ्य माणसाने मात्र ओठावर स्मित ठेवून "बाही किती लांब ठेवू?" असे विचारावे, अशी ती जीवघेणी अवस्था होती. कोणाचे लक्ष नाही असे पाहून ते लाकडी फूटपट्टी सदऱ्याच्या आत घालीत आणि क्षणभर स्वर्गसुख अनुभवीत. डॉक्टरांनी प्रथम मलम दिले, मग एक साबण दिला, मग त्या साबणाने न भागल्याने दुसरा, अधिक कडक साबण दिला. खाज मात्र भाडेकरूसारखी ठाण मांडून बसली होती.

मास्तर हे एका शिंपीकामाच्या दुकानात कटर होते. दुकान त्यांच्या सासऱ्यांनी नावारूपाला आणले, आणि सासऱ्यांच्या पश्चात गल्ल्यावर त्यांचा मुलगा, म्हणजे मास्तरांचा धाकटा मेव्हणा, विराजमान झाला. या मेव्हण्याला कात्री धरता येत नसे, परंतु जीभ मात्र कात्रीहून धारदार होती. गिऱ्हाइकाचे माप मास्तरांनी घ्यायचे, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि मेव्हण्याने तो वहीत उतरवायचा, असा बावीस वर्षांचा रिवाज होता. टेप मास्तरांच्या गळ्यात असे. जेवतानासुद्धा असे. ती उतरली की त्यांना आपली मान उघडी पडल्यासारखी वाटे.

सासऱ्यांनी त्यांना एक विद्या दिली होती. मापाच्या वेळी माणूस पोट आत ओढतो, छाती फुगवतो, उगाच रुबाबात उभा राहतो. "माप माणसाचं घ्यावं, तोऱ्याचं घेऊ नये," असे सासरे म्हणत. त्यासाठी टेप लावण्याआधी गिऱ्हाइकाशी त्याच्या घरचे काहीतरी बोलायचे. बोलता बोलता माणूस श्वास सोडतो, पोट आपल्या जागी येते, आणि तेवढ्यात आकडा टिपायचा.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाने लोकरीचा कोट दुरुस्तीला आणला. कोट महागातला होता, परंतु घरी साबणाच्या पाण्यात धुतल्याने त्याचा पार चोथा झाला होता. मास्तरांनी ते कापड बोटांत चोळून पाहिले आणि त्यांच्या मनात विजेप्रमाणे विचार चमकला, की लोकर म्हणजे तरी काय, एका प्राण्याच्या अंगावरचे केस. आणि जे कापडाला सोसत नाही ते कातड्याला रोज दोन वेळा कसे सोसावे? त्यांनी त्याच दिवशी निश्चय केला. तीन महिने अंगाला साबण नाही, डोक्याला शॅम्पू नाही. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी आणि खरखरीत पंचा. संडासाहून आल्यावर आणि जेवणाआधी हात मात्र साबणानेच, कारण मास्तर प्रयोगशील होते, अविचारी नव्हते.

हा निश्चय त्यांनी कोणाला सांगितला नाही. मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते रोज एक ओळ लिहीत. "दिवस सहावा. केस तेलकट." "दिवस एकोणिसावा. केस स्वतःहून ताळ्यावर. खाज निम्मी." "दिवस एकेचाळिसावा. फूटपट्टी दिवसभर टेबलावर." या काळात त्यांनी कित्येक माणसांना कवेत घेऊन छातीची मापे घेतली. कोणी नाक मुरडले नाही, कोणी मान वळवली नाही. शेजारी निजणाऱ्या बायकोने साबणाची वडी संपत का नाही, एवढेसुद्धा विचारले नाही.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी मास्तरांकडून चूक घडली. दुपारी डबा खाताना मेव्हणा डोके खाजवीत म्हणाला, "दाजी, या कोंड्यानं जीव खाल्ला. शॅम्पू बदलून बदलून थकलो."

मास्तरांच्या ठायी दयाबुद्धी होती. ते म्हणाले, "अरे, सोडून दे शॅम्पू. मी अठ्ठेचाळीस दिवस झाले, साबणसुद्धा लावलेला नाही. पाठ बघ कशी लोण्यासारखी झाली आहे."

मेव्हण्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. "तरीच," तो म्हणाला.

"तरीच काय?"

"काही नाही. तरीच म्हटलं."

या एका शब्दाने मास्तरांचा घात केला. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचे स्टूल दोन हात पलीकडे सरकलेले आढळले. काजबटण करणारा कारागीर, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि ज्याला म्हणून सगळे भोंगा म्हणत, तो मास्तरांच्या टेबलाजवळून जाताना श्वास कोंडून जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी मेव्हण्याने रुमालाला अत्तर लावून आणले. आठवड्याच्या आत तो मास्तरांजवळ येऊन, पण फार जवळ न येता, म्हणाला, "दाजी, राग मानू नका. गिऱ्हाइकाच्या अंगाशी झटायचं काम आहे आपलं. थोडे दिवस तुम्ही मागं बसा, काजं करा. मापं मी घेतो. भोंगा पुढं इस्त्रीला येईल."

"कोणा गिऱ्हाइकानं तक्रार केली?"

"तक्रार व्हायची वाट बघायची का?"

"अठ्ठेचाळीस दिवस तू माझ्या शेजारी बसून जेवलास."

"म्हणून तर म्हणतो. मीच सोसलं. गिऱ्हाईक कशाला सोसेल?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. बावीस वर्षांत त्यांनी ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधीच काढली नव्हती. फळीच्या आडोशामागे, काजाच्या यंत्रापुढे बसताना त्यांचे कान तापले होते, आणि तो ताप लाजेचा नसून संतापाचा होता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

घरी त्यांनी बायकोपुढे सर्व हकिकत मांडली. न्याय मिळेल अशी अपेक्षा होती.

"माझ्या भावाचं अगदीच चूक नाही," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "मला तर कधीचाच येत होता."

"कधीचा?"

"पहिल्यापासून. बोलले नाही, तुमचं मन कशाला दुखवा."

"तू माझं मन दुखवायचं टाळलंस? तू? मी चहा ओरपतो तर तू शेजारणीला ऐकू जाईल असं बोलतेस."

"ते वेगळं."

"आणि मागच्या पंधरवड्यात माझ्या उशीवर झोपलीस, तुझी उशी उसवली म्हणून. तेव्हा?"

बायकोने थोडा विचार केला. "तेव्हा मला सर्दी होती," ती म्हणाली.

पुढचे दिवस मास्तरांनी काजे केली. शर्टाला आठ, बाहीला दोन. पुढून मेव्हण्याचा आवाज येई, "कंबर छत्तीस, हिप चाळीस," आणि ऐकताऐकताच त्यांना कळे की गिऱ्हाइकाने श्वास रोखून धरला आहे. वासासाठी नव्हे, तोऱ्यासाठी. कपडे ट्रायलला आले की घट्ट निघत. मेव्हणा म्हणे, "साहेब, वजन वाढलं का हो?" आणि दोष गिऱ्हाइकाच्या माथी जाई.

एकसष्टाव्या दिवशी वकीलसाहेब येणार होते. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि कोट शिवायचा होता. या वकिलांचे अकरा वर्षांतले सर्व कोट मास्तरांच्या हातचे. सकाळी बायकोने बादलीच्या काठावर साबणाची वडी आणि शॅम्पूची पुडी ठेवली.

"टेप परत हवी ना? मग एक दिवस. वकिलांपुरतं. अंगाला सुगंध येऊ दे, माझा भाऊ आपणहून टेप गळ्यात घालील."

मास्तर बराच वेळ त्या वडीकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी आपला निश्चय मोडला. साबण दोनदा लावला. शॅम्पूचा फेस कानात गेला. अंग पुसेपर्यंत पाठीत ओळखीची सुई टोचली, आणि दुकानात पोहोचेतो शंभर झाल्या. वहीत त्या दिवशी त्यांनी काही लिहिले नाही.

दुकानात पाऊल टाकताच मेव्हण्याने रुमाल नाकाशी नेला. "दाजी, आज तरी," तो म्हणाला.

मास्तर बोलणार होते. परंतु त्यांनी ओठ मिटले, आणि आडोशामागे जाऊन बसले.

वकीलसाहेब अकराला आले. मेव्हण्याने टेप उलगडली. वकिलांनी परक्या हातांची टेप पाहताच सवयीप्रमाणे पोट पाठीला नेऊन चिकटवले.

"पोट बेचाळीस," मेव्हणा म्हणाला.

"चव्वेचाळीस," आडोशामागून आवाज आला.

"कोण बोललं?" वकिलांनी विचारले.

"मागचं मशीन खडखडतं, साहेब."

"मशीनला माझं पोट ठाऊक आहे म्हणजे मास्तरच असणार. बाहेर या की मास्तर. रुसलात का आमच्यावर?"

मास्तर बाहेर आले. मेव्हण्याने वकिलांच्या कानाशी तोंड नेले, पण त्याची कुजबुज रस्त्यापलीकडे ऐकू जाण्याजोगी होती. "त्यांनी साबण सोडलाय, साहेब. दोन महिने झाले. शॅम्पूसुद्धा नाही. म्हणून मागं बसवलंय."

वकिलांनी नाकपुड्या किंचित फुलवल्या. "अच्छा. म्हणून मघापासून मला..."

"येतोय ना?"

"हलकासा. ओली सतरंजी कोपऱ्यात पडून राहावी तसा."

"मला तर कांद्याचा वाटतो," इस्त्री थांबवून भोंगा म्हणाला.

"दोन्ही मिळून आहे," मेव्हण्याने निवाडा दिला.

मास्तरांची पाठ आता अंगार झाली होती. फूटपट्टी टेबलावर हाताशी होती, पण त्यांनी ती उचलली नाही.

"मी आज साबण लावून आलोय," ते म्हणाले. "दोनदा. शॅम्पूही. या कानात अजून फेस असेल, हुंगून बघा."



"पुरावा?" वकील जन्मजात सवयीने म्हणाले.

"ह्याच्या बहिणीला फोन लावा."

मेव्हण्याने फोन लावला आणि नाइलाजाने सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "ताई, दाजींनी आज साबण लावला?"

"लावला ना," फोनमधून आवाज आला. "निम्मी वडी झिजवली. का रे? अजून येतोय?"

मेव्हण्याने फोन खिशात टाकला. "मग दोन महिन्यांचा मुरलेला असेल," तो म्हणाला. "एका दिवसात कसा जाईल?"

तेव्हा मास्तरांचा बांध फुटला. आवाज त्यांनी चढवला नाही. जुन्या शिंप्याला कापड कापताना जोर लावावा लागत नाही.

"अठ्ठेचाळीस दिवस मी साबण लावला नाही, तेव्हा तुझ्या नाकाला काही कळलं नाही. मी तोंडानं सांगितलं, त्या क्षणी कळलं. आज मी घासून आलो, तरी कळतंय. तुम्ही वास नाकानं घेत नाही, कानानं घेता. साहेब, या महिन्याच्या सुरुवातीला तुमच्या पँटचं माप मीच घेतलं. गुडघ्यावर बसून, तुमच्या कमरेला हात घालून. तेव्हा कुठली सतरंजी होती? इथं छाती मोजतात, पोट मोजतात, पाव इंचासाठी शिवण उसवतात. ज्याला माप नाही अशा गोष्टीवरून माझ्या गळ्यातली टेप काढली, आणि मी मूर्खासारखा, ती परत मिळावी म्हणून आज स्वतःची पाठ जाळून घेतली."

वकिलांनी घसा खाकरला. "तसा आता काही वास नाही म्हणा," ते म्हणाले.

"आता नाही का?" मास्तर म्हणाले. "आता मी सांगितलं म्हणून नाही."

त्यांनी पुढे होऊन मेव्हण्याच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. मेव्हणा मान थोडी वाकवून उभा राहिला; वाकवली नसती तर टेप निघालीच नसती.

"मुलगी कशी आहे?" मास्तरांनी वकिलांना विचारले. विचारताना स्वरात राग होता, परंतु प्रश्न जुनाच होता.

"काय सांगू मास्तर, घर आत्तापासूनच सुनं वाटतंय," असे म्हणून वकिलांनी दीर्घ श्वास सोडला, आणि त्यासरशी पोट आपल्या जागी आले.

"चव्वेचाळीस," मास्तर म्हणाले. "लिही."

मेव्हण्याने लिहिले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर पुन्हा निव्वळ पाण्याने अंघोळ करू लागले. पाठ शांत व्हायला पाच दिवस लागले. मात्र आता ते ही गोष्ट कोणापासूनही लपवीत नसत. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर टेप उलगडण्यापूर्वी ते स्पष्ट शब्दांत सांगत, "मी साबण लावत नाही. माप घेऊ का?"

बायको वैतागली. "अहो, सांगायचं कशाला? कोणाला कळत नव्हतं ना?"

"न सांगता अठ्ठेचाळीस दिवस काढले, त्याचं फळ काजाच्या मशीनवर मिळालं. आता ज्याला हुंगायचं त्यानं तोंडावर हुंगावं."

दोन गिऱ्हाइके समोरच्या दुकानात गेली. मेव्हणा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे आणि मग मास्तरांकडे पाही, पण त्याच्या तोंडून "तरीच" हा शब्द पुन्हा निघाला नाही. बाकीची हसली, एखादे क्षणभर घुटमळले, आणि मग हात वर करून उभी राहिली.

वकीलसाहेब ट्रायलला आले. मास्तरांनी कच्च्या शिलाईचा कोट त्यांच्या अंगावर चढवला आणि टेप हातात घेतली.

"मी साबण लावत नाही."

"माहीत आहे हो," वकील म्हणाले, आणि सवयीप्रमाणे पोट आत ओढून ताठ उभे राहिले.

मास्तर टेप हातात धरून, त्यांच्याकडे रोखून पाहत, ते श्वास सोडेपर्यंत थांबून राहिले.