दाढीखालची हनुवटी

थुरिंगिया या जर्मन प्रांतातल्या त्या गावात जवळजवळ प्रत्येक बागेत लाल टोपीचा, भाजलेल्या मातीचा शोभेचा बुटका उभा असायचा. त्याचा चेहरा हेडविगने घडवलेला होता. तो होता लढाईवरून न परतलेल्या तिच्या नवऱ्याचा, आर्नोचा. बाँब पडून घर जळालं, त्यात त्याचा एकुलता एक फोटोही गेला. त्याच सुमारास ती काम करायची त्या बुटक्यांच्या कारखान्याला नवा नमुना हवा होता. तिने आठवून आठवून त्याचे डोळे, नाक, हनुवटी मातीत उतरवली. मालक म्हणाले, "बिनदाढीचा बुटका घेणार कोण?" मग तिने त्या हनुवटीवर दाढी थापली.

आता म्हातारपणी आर्नोचा चेहरा तिला आठवेना. कारखान्यातले साचेही झिजून गेले होते. नवे बुटके कुणाचेही वाटत. पहिल्या वर्षीचा एखादा मिळावा म्हणून ती दारोदार हिंडू लागली.

"हेडविगबाई, या वयात स्थळं बघताय की काय?" शेजारच्या गल्लीतला एगबर्ट कुंपणावरून ओरडला.

"थट्टा पुरे रे. तुझा बुटका कधीचा?"

"आईने घेतलेला, पहिल्याच खेपेतला. दर वसंतात रंगवतो. बायको म्हणते, मला कधी एवढं नटवलं नाहीस!"

"मला दे."

"वा! आईची आठवण आहे ती."

हेडविगने कुंपणाची फळी घट्ट धरली. "माझा नवरा आहे रे तो."

एगबर्टचं हसू मावळलं. बुटका उचलून त्याने तिच्या हातात ठेवला.

घरी तिने रंगाचे थर खरवडले. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या निघाल्या, नाकाचा किंचित वाकडा शेंडा निघाला. आर्नोच! पण ओठांखाली पुन्हा सगळा अंधार. हनुवटी टोकदार होती की रुंद? खळी होती का? इतक्यांदा हाताने कुरवाळलेली हनुवटी, आणि काही म्हणता काही आठवेना.

तिने कानस घेतली आणि दाढी घासायला लागली. साच्यातून निघालेली मूर्ती पोकळ असते, आत हनुवटी नसते, हे गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी हात थांबेना. लाल भुकटी मांडीवर साचत गेली. एकाएकी टवका उडाला आणि कानस आत गेली.

हेडविगने त्या भोकात बोट घातलं आणि आतून चाचपत राहिली.