न्हाणीघराची कडी

पन्नाशी गाठलेल्या माणसाने आईच्या न्हाणीघराची आतली कडी उपटून काढावी, याला काय म्हणावं? माझ्या थोरल्याने काढली. वर मलाच म्हणतो कसा, आपण आता थोडे दिवस दार नुसतं लोटून घ्यायचं. आपण म्हणजे कोण रे? इस्पितळातून आणल्यापासून त्याच्या तोंडी हेच. आपण गोळी घेतली, आपण दोन घास जास्त खाल्ले. गोळी मी गिळते, तोंड माझं कडू होतं, आणि आपण म्हणे.

तिथे आयसीयूत माझ्या घशात नळी होती. हाक मारावी तर आवाज नाही. नळी ओढून काढीन म्हणून हात बांधलेले. परकी माणसं येत, अंग पुसत, कूस बदलत, आणि मी नुसती टकाटका बघत राही. घरी आले तेव्हा पायांच्या काड्या झालेल्या. सून अंघोळ घालायची. हाताने मऊ आहे, खोटं का बोलू? पण तिची रजा कालच संपली. थोरला पुढच्या खोलीत शिवणकाम करतो, म्हणजे घरातच असतो, पण मुलाने आईला न्हाऊ घालायचं कसं? म्हणून त्याने ठरवलं, मला एकटीला जमलं नाही तर बाई ठेवायची. पुन्हा परका हात.

तेव्हा आज मी म्हटलं, माझी मी न्हाते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने न्हाणीघरासाठी उंच खुर्ची आणवली होती. ती मी बाहेर काढायला लावली. खुर्चीत बसायला मी काय दाढी करायला आलेय? माझं बुटकं स्टूल बरं.

न्हाणं झकास झालं. उठायला गेले तर गुडघे ऐकेनात. जोर केला, पुन्हा बसले. बाहेर शिलाई मशीनचा आवाज थांबलेला, म्हणजे हा दाराला कान लावून उभा. पाण्याचा आवाज थांबला की घुसणार आत. म्हणून मी उगाच तांब्या बादलीत बुडवायचा आणि ओतायचा, असं करत राहिले. पाणी गार झालं, दात वाजायला लागले. घसरून डोकं आपटलं तर परत ती नळी. आणि हाक मारली तर बाई आलीच. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी टॉवेल ओढून अंगाला गुंडाळला आणि त्याला हाक मारली. आवाज असा खणखणीत निघाला, की माझी मीच दचकले.

थोरला डोळे मिटून आत आला तो थेट बादलीला धडकला. म्हटलं, डोळे उघड, नाहीतर दोघं पडू. काखेत हात घालून त्याने मला उठवलं. दर पावलाला म्हणे, आपण सावकाश, आपण सावकाश. पलंगावर बसवून हळूच म्हणाला, बघितलंस ना आई, म्हणूनच कडी काढली. उद्याच बाईला सांगतो.

धाप ओसरली तशी मी बोलले.

“उठता आलं नाही, खरंय. स्टुलाचा हट्ट माझा, उद्यापासून ती खुर्ची आत ठेव. पण हाक मारता आली ना मला? तू आलास ना? मग बाई कशाला? जमेल ते माझं मी करीन, अडेल तिथे बोलवीन. कडी आजच्या आज लाव, बाहेरूनही उघडेल अशी बघून आण. आणि मी बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. माझी भीती मी सांभाळते, तुझी तू सांभाळ.”