उलटा ठेवलेला अडथळा

त्या शनिवारी पप्पा चिमणीवर वैतागले होते. पप्पा मुलींना अडथळ्यांची शर्यत शिकवायचे. चिमणी त्यांतली सगळ्यांत बुटकी, आणि तिने एक अडथळा उलटा ठेवला होता.

"याचे पाय तू येशील त्या बाजूला हवेत," तो फिरवत पप्पा म्हणाले. "म्हणजे आपटलीस तर हा पुढे आडवा होतो. उलटा असला की हा पडत नाही, तूच पडतेस. अक्कल काय घरी ठेवून आलीस?"

"सर, मी आपटणारच नाही."

"अगं, सगळे आपटतात. मी आपटलो, ही आपटली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "देव अडथळा काढून घेत नाही. पण सरळ ठेवतो, एवढं धरून चाल."

ऐन उमेदीत माझा गुडघा गेला, तो सरळ ठेवलेल्या अडथळ्यावरच. आता मी कॉलेजात साहित्य शिकवते आणि शनिवारी पप्पांच्या मदतीला येते. सराव संपला की पप्पा मुलींना गोलात घेऊन प्रार्थना करायचे. मीही त्या गोलात उभी राहायचे, शेजारणीच्या खांद्यावर हातही ठेवायचे, पण शेवटी आमेन म्हणायला तोंड उघडायचे नाही.

जिंकू दे, असं पप्पा कधी मागत नसत. "शेजारच्या लेनमधली पण त्याचीच लेक आहे," म्हणायचे, "त्याला आपल्या भांडणात ओढू नका." भीती वाटली तरी पाय ओळीवर राहू देत, आणि पडलो तर उठून शेवटपर्यंत जाऊ दे, इतकंच त्यांचं मागणं.

त्या दिवशीही सगळ्या 'आमेन' म्हणाल्या. मी शिटीच्या दोरीचा गुंता सोडवत राहिले.

"प्राध्यापकीणबाई, आमेन म्हणून जीभ झिजत नाही."

"म्हणेन कधीतरी."

"कधीतरी म्हणजे माझ्या मातीला?"

"तेव्हाही तुम्हीच आठवण कराल."

ते पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता ते पुढे कलले, ते उठलेच नाहीत.

मातीला मी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब चांगलं बोलले. शर्यत पुरी केलेल्या माणसाबद्दल, त्याच्या मुकुटाबद्दल. पण पप्पांची शर्यत पुरी झाली नव्हती. एक नाडी बांधायची राहिली होती.

"देवाची मर्जी, बाळ," आत्या कानाशी म्हणाली. "मान्य कर."

"मान्य आहे का, असं विचारलं होतं त्याने?"

"जिभेला हाड नाही. अगदी बापावर गेलीस," असं म्हणून तिने पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

पुढच्या शनिवारी मी मैदानावर गेले. दोन दिवसांवर स्पर्धा होती. अडथळे मांडलेले होते, पण पळत कुणीच नव्हतं. चिमणी गवतावर बसली होती, बूट मांडीवर घेऊन.

"मी नाव मागे घेते, ताई. देव सरळ ठेवतो म्हणाले होते सर. हे सरळ आहे?"

आत्याचं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "हा उलटाच ठेवला त्याने."

"मग?"

"मग ते त्यालाच सांगू. घाल बूट."

मुलींनी गोल धरला. पप्पांची जागा मोकळीच सोडली होती त्यांनी. मी तिथे जाऊन उभी राहिले. डोळे मिटले नाहीत.

"प्रभू, मला हे पटलेलं नाही. पटल्याचं सोंग मी करणार नाही, आणि या मुलींनाही करायला लावणार नाही. हा माणूस जन्मभर तुझ्या वतीने लोकांना शब्द देत फिरला. आता तो तुला पाळावा लागेल. आम्ही आपटलो आहोत, पण ओळ सोडणार नाही. ही पोर परवा पळणार आहे. पडली, तर तिला उठव. आणि शेवटच्या दिवशी माझ्या पप्पांनाही उठव. तू तसं म्हणाला आहेस, मी विसरणार नाही."

गोल कुणी सोडेना. चिमणीच्या एकाच पायात बूट होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "शेवट राहिला."

"आमेन," मी म्हटलं. पलीकडच्या कुंपणापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.