दहावं पोरगं

“हं, चढा लवकर! डायवर म्हातारा व्हायलाय!”

देवगाव फाट्यावर दार धरून उभ्या सूर्यभान कंडक्टरची नजर एकदम पायरीवर खिळली. सात-आठ वर्षांचं एक पोरगं स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत, अंगालाच शिडी लावल्यासारखं चढत होतं. सूर्यभानचा लेक भुजंग असाच चढायचा. चौदाव्या वर्षी गेला. स्नायू झिजवणारा तो आजार सूर्यभान तेव्हापासून पायरीवरच ओळखायचा. जिंतूर डेपोत तर सांगत, हा गडी टायरच्या आवाजावरून आतल्याचा ताप सांगतो! खरं एवढंच, की तिकिटं फाडता फाडता त्यानं अशी नऊ पोरं हुडकली होती. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले होते, “दहा जमवा, दर महिन्याला परभणीला शिबिर घेईन, पाय आखडू नयेत म्हणून व्यायाम शिकवीन.”

हे दहावं!

“आक्का,” सवयीनं तो गाडीभर ऐकू जाईल असा ओरडला, “पोराचे पाय कवापासून असे हायत? माझ्या पोरालाबी ह्योच रोग व्हता!”

गाडीतल्या साऱ्या माना वळल्या. पोराची आई कस्तुराबाई जागच्या जागी थिजली. तिच्या लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही घरं सेलूला निघाली होती, आणि लेकीचे होणारे सासरे तात्याराव मागच्याच बाकावर होते.

“कोन्ता रोग?” तात्याराव पुढं वाकले. “घराण्यात हाय का काय?”

कस्तुराबाईनं सूर्यभानकडं बघत पोराला पदराआड ओढलं.

सूर्यभाननं पंच खटखटवला. “रोग कसला, मामा! काटा. बाभळीचा. माझ्या पोराच्या टाचेत शिरला तो गुडघ्यातून निघाला, अन् वर त्याला पाला फुटला! गावच्या शेळ्या त्याच्या मागं पळायच्या.”

गाडी खदखदून हसली. “लय फेकायलाव मास्तर!” म्हणत तात्यारावही टेकून बसले.

सेलूला सूर्यभाननं पोराला उचलून उतरवलं आणि शिबिराची तारीख कस्तुराबाईच्या कानात सांगितली. ती वळली नाही.

शिबिराला नऊच आली. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली नाही.

लेकीचं लग्न झालं, वर्ष उलटलं. मग एका सकाळी कस्तुराबाई जिंतूरच्या स्टँडवर उभी. पोरगं आता तिच्या पाठीवर होतं.

“मास्तर, उशीर झाला का?”

“न्हाई, आक्का.”

त्यानं पोरांच्या नावांची वही उघडली. नऊपैकी दोन नावांवर रेघा होत्या. त्या तिला दिसू नयेत असा तळवा पसरून त्यानं विचारलं, “नाव काय म्हनलं पोराचं?”