गळ्यावरची खूण

हरवलेल्या माणसांचा शोध घेणारं एक अॅप होतं. त्यातले फोटो पडद्यावर कसे दिसतील, ते प्रोग्रॅम करायचं काम तिच्याकडे होतं. फोटो खालच्या बाजूला हळूहळू पारदर्शक होत पांढऱ्या पडद्यात विरून जायचा आणि त्या मोकळ्या जागेवर नाव आणि वय उठून दिसायचं. साहेब जाम खूश होते.

टेस्टर तेवढा कुरकुरला. "अगं, तू विरणाऱ्या भागाची उंची सगळ्या फोनसाठी एकच ठरवून टाकलीयेस. लहान फोनवर अर्धा फोटो खाऊन टाकतेय ती."

"असले डबडे फोन आता कोण वापरतं रे? पुढच्या अपडेटमध्ये बघू."

त्याच आठवड्यात तिचे अण्णा घरातून निघून गेले. विसरभोळेपणा गेल्या वर्षापासून वाढत चालला होता. आई अंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी चपला घातल्या. लेकीने स्वतः त्यांचा फोटो अॅपवर चढवला. गळ्यावर ऑपरेशनचा जाडसर, आडवा व्रण होता. तो फोटोत स्वच्छ दिसत होता, निदान तिच्या फोनवर.

फोन आला नाही. मग भावाने तोच फोटो मोठा छापून भिंतीभिंतीवर चिकटवला, तेव्हा कुठे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बेकरीवाल्याने फोन केला. आईला घेऊन ती धावतच गेली.

"चार-पाच दिवस झाले असतील," बेकरीवाला म्हणाला. "समोरच्या बाकावर बसले होते. मला शंका आली, म्हणून अॅप उघडून बघितलं. पण दाढी वाढलेली, गाल बसलेले. फोटोत हनुवटीच्या खाली काहीच नव्हतं हो. गळ्यावरचा तो व्रण दिसला असता तर हाताला धरून बसवून ठेवलं असतं. शेवटी बसमध्ये चढले. कुठली बस, तेही बघितलं नाही मी."

त्याने आपला फोन पुढे केला. छोटा, काच तडकलेला. अण्णांचे डोळे, नाक, ओठ, आणि त्याखाली नुसता पांढरा रंग.

आईने विचारलं, "काही खाल्लं होतं का हो त्यांनी?"

"पाव दिला होता. अर्धा खाल्ला. अर्धा खिशात ठेवला, म्हणाले, घरी वाट बघतायत."

आईने पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी किती धडपडलीस गं. एवढं अॅपवर टाकलंस. त्यांच्याच नशिबात नव्हतं."

सांगून टाकावं असं लेकीला वाटलं. पण तिने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि रिक्षाला हात केला.

त्याच दुपारी तिने चूक दुरुस्त केली. एका ओळीचं काम होतं. टेस्टरने लहान फोनवर तपासलं, मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

अण्णा सापडले नाहीत. आई अजून बसथांब्यावर जाते, येईल त्या ड्रायव्हरला फोटो दाखवते. लेक सोबत जाते आणि पिशवी धरून मागे उभी राहते.