कानातल्या बाई

परीक्षक यायचे होते पहिल्या तासाला, आणि बाई शाळेचं फाटक उघडण्याआधीपासून रस्त्यावर येरझाऱ्या घालत होत्या. परीक्षा त्यांची नव्हती, तिकीटवालीची होती. पण हे त्यांना सांगायचं कुणी? रात्रभर कुशी बदलून त्यांनी नवऱ्याच्या झोपेचं खोबरं केलं होतं. पहाटे तो वैतागून म्हणाला, "अगं, लायसन तिला मिळायचंय की तुला?" बाई गप्प राहिल्या. त्यांच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नातलगांना ठाऊक होतं, तेव्हा त्या गप्प राहिल्या म्हणजे नवऱ्याचं बोलणं वर्मी लागलं असणार.

तिकीटवाली म्हणजे त्यांची शिकाऊ शिक्षिका. इतकी वर्षं ती बसस्थानकाच्या खिडकीमागे बसून तिकिटं देत होती. शहरातल्या शाळांना शिक्षक मिळेनात, म्हणून एक योजना निघाली. पदवी असलेली, दुसऱ्या कामधंद्यातली माणसं घ्यायची, उन्हाळाभर त्यांना घोटून काढायचं आणि शाळा उघडली की थेट वर्गात उभं करायचं. वर्षभर पाठीशी एक जुना शिक्षक द्यायचा. शेवटी परीक्षकासमोर एक धडा घ्यायचा, तो जमला की परवाना.

ही योजना ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "आम्ही दोन-दोन वर्षं फळ्यावर अक्षर गिरवलं, आणि ह्यांना सुटीत मास्तर करताय?" असं त्या भेटेल त्याला ऐकवायच्या. पण निवृत्त होऊन घरी बसल्यापासून त्या शेजाऱ्यांच्या मुलांना जिन्यात अडवून पाढे विचारायला लागल्या होत्या, आणि मुलं आता दुसऱ्या जिन्याने जायची. त्यामुळे योजनेवाल्यांनी पाठीशी उभं राहायला बोलावलं तेव्हा बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. पळतच गेल्या.

तिथे त्यांच्या हातात एक छोटा माईक आला. तिकीटवालीच्या कानात बटणाएवढं यंत्र, कमरेला त्याची डबी. बाईंनी मागच्या बाकावरून कुजबुजायचं आणि ते थेट तिच्या कानात जायचं. 'खिडकीजवळ बघ.' 'पाठ फिरवू नकोस.' 'आवाज खाली आण, चिरकतोय.' 'थांब. थांब म्हटलं ना!' पहिल्या आठवड्यात तिकीटवालीची पाचावर धारण बसली होती, ती कानात येईल ते तोंडाने बोलून टाकायची. 'घाबरलीस असं दाखवू नकोस,' हे तिने सबंध वर्गाला ठणकावून सांगितलं तेव्हा मुलं हसून हसून बाकांवरून घसरली. त्या दिवसापासून बाईंचं नाव पडलं, कानातल्या बाई.

बाईंना ते नाव मनापासून आवडलं होतं. खरं सांगायचं तर इतक्या सुखात त्या कित्येक वर्षांत नव्हत्या. तोंड तिकीटवालीचं, पण वर्ग आपला चालू आहे, असं त्यांना वाटायचं. नवऱ्याशी बोलताना त्या 'माझी मुलं' म्हणायच्या, आणि तोही शहाणा, दुरुस्त करायला जायचा नाही.

आज मात्र माईकला बंदी होती. यंत्र दोघींनी रोजच्यासारखं बाळगायचं, पण वापरायचं फक्त आग लागली किंवा मूल पडलं तर. आणि धडा संपल्यावर परीक्षक बाईंना एकच प्रश्न विचारणार होते: वर्ग हिच्या एकटीवर सोडाल का? बाईंच्या जिवाची घालमेल चालली होती ती ह्या प्रश्नामुळे. त्यांच्या मते उत्तर 'नाही' होतं. पोरगी गुणी, कष्टाळू, पण रोज प्रत्येक पाऊल तिला सांगावं लागतं. बरं, 'नाही' म्हणावं तर तिचं काय? योजना तिला दुसरी संधी देणार नव्हती. खिडकीतली जागा केव्हाच भरली होती. घरी लहान मुलगा होता, आणि तो सांभाळता सांभाळता सासूबाई रोज सुनेच्या मास्तरकीचा उद्धार करत होत्या.

व्हरांड्यात तिकीटवाली दोरीचं भेंडोळं काखेत मारून भेटली.

"दोरी कशाला?" बाईंनी विचारलं. "आधी क्षेत्रफळाचं सूत्र, मग गणितं. दोरीबिरी वेळ उरला तर."

"हो, बाई."

"आणि घाबरू नकोस."

"नाही, बाई."

ती नेहमीच हो म्हणायची. मग कधी ऐकायची, कधी नाही. नाही ऐकलं की बाई नंतर झाडायच्या आणि ती खाली मान घालून माफी मागायची. घाबरट आहे, गोंधळते, असं बाईंनी त्याचं निदान करून ठेवलं होतं.

परीक्षक सडपातळ आणि बोलायला कंजूष माणूस. ते मागच्या बाकावर बाईंच्या शेजारी येऊन बसले, पेनचं टोपण काढलं आणि समोर बघू लागले. बाईंनी माईक मुठीत घट्ट धरला. आज तोंडाला कुलूप, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

तिकीटवालीने सूत्र लिहिलंच नाही. तिने दोरीची टोकं बांधली, फरशीवर तिचा चौरस केला आणि चार कोपरे धरायला चार मुलं बसवली. मग तीच दोरी ओढून लांबट, अरुंद केली. "आता सांगा, आतली जागा कशात जास्त? चौरसात की ह्यात?"

पहिल्या बाकावर एक मुलगी होती. शाळेतली प्रत्येक खबर तिच्यामार्फत फिरायची, म्हणून तिला सगळे बातमीदार म्हणत. ती ताडकन उठली. "सारखीच! दोरी तीच आहे ना, मग जागा कमी कशी होईल?"

"सारखीच, सारखीच," सगळा वर्ग गरजला.

"बरं," तिकीटवाली म्हणाली आणि गप्प उभी राहिली.

सबंध वर्ग एकमुखाने चुकतोय आणि ही 'बरं' म्हणते! बाईंचे पाय बाकाखाली आपोआप हलायला लागले. चूक आहे म्हण ना, त्या मनातल्या मनात ओरडत होत्या. एवढ्यात तिकीटवालीने मान वर केली आणि थेट मागच्या बाकाकडे पाहिलं. बाईंना वाटलं, पोरगी बुडतेय आणि आपल्याकडे हात मागतेय.

बाईंचा अंगठा बटणावर गेला. परीक्षक काहीतरी लिहीत होते. "चूक आहे म्हण," बाई कुजबुजल्या. "फळ्याकडे जा. सूत्र लिही."

तिकीटवाली फळ्याकडे गेली नाही. "चला, बघूच मग," ती म्हणाली. "बाक सरकवा भिंतीला."

"बाक नको! गोंधळ होईल!" बाईंनी पुन्हा बटण दाबलं, पण बाक सरकले. चौरसात मुलं उभी राहायला लागली. खांद्याला खांदा लावून अकरा जण मावले. दोरी अरुंद केली तर सहाच, तेही एकमेकांच्या पायांवर. कुणाचा बूट निघाला, कुणी किंकाळी फोडली, शेजारच्या वर्गाचे सर दारात डोकावून गेले. बाईंचं कुजबुजणं आता थांबेना. "बसव त्यांना. वेळ चाललाय. ऐक माझं, अगं ऐक!"

अरुंद दोरीत बातमीदार चेंगरून उभी होती. अचानक ती म्हणाली, "ताई, दोरी तर तेवढीच आहे. मग आतली जागा खाल्ली कुणी?"

"कुणी खाल्ली?" तिकीटवालीने वर्गालाच विचारलं.

मग जे भांडण लागलं त्याला तोड नव्हती. कुणी दोरी आणखी ओढली, कुणी सोडली. शेवटी कुणीतरी ती अगदी चपटी करून दोन्ही बाजू एकमेकींना चिकटवल्या. दोरी तीच, आणि आत उभं राहायला पाऊलभर जागा नाही. मुलं त्या चपट्या दोरीकडे खुळ्यासारखी बघत राहिली. बाईंनी उभ्या हयातीत हा धडा सूत्राने शिकवला होता आणि मुलांनी तो घडाघडा म्हणून दाखवला होता. पण असे चेहरे त्यांनी ह्या धड्याला कधी पाहिले नव्हते. त्यांना आधी नवल वाटलं आणि लगेच हेवा वाटला.

घंटा झाली. परीक्षकांनी पेनला टोपण लावलं. "बाई, तुम्ही बोलत होता."

बाईंनी माईकची मूठ पदराखाली घेतली.

"आग तर लागली नव्हती," ते म्हणाले. "कानात सांगून घेतलेला धडा मला धरता येत नाही. बाद."

"चूक माझी आहे हो," बाई काकुळतीला आल्या. "तिचा काय दोष? आणि मी सांगितलं त्यातलं तिने काहीसुद्धा केलं नाही! एक गोष्ट केली नाही!"

"ते मला कसं कळणार?"

तिकीटवालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात बातमीदाराने हात वर केला, आणि परवानगीची वाट न बघता सांगून टाकलं, "सर, ते बंदच असतं. सहामाहीपासून. त्यातला सेल ताईंनी वर्गातल्या घड्याळात घातलाय. कानातल्या बाईंना सांगायचं नाही, असं ठरलंय आमचं."

तिकीटवालीने कमरेची डबी काढली आणि मुकाट्याने परीक्षकांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडलं. आत सेल नव्हता. कडेला गंज चढायला लागला होता. त्यांनी मुलांना बाहेर जायला सांगितलं.

भर वर्गात कुणीतरी थोबाडीत मारावी तसं बाईंना झालं होतं. "म्हणजे इतके महिने मी कुणाशी बोलत होते?"

"बाई, तुम्ही कानात बोलायला लागलात की मला मुलं ऐकू यायची नाहीत," तिकीटवाली म्हणाली. "सांगणार होते. खूपदा ठरवलं. पण तुम्ही इतक्या खुशीत असायचात, मला तोंड उघडवेना."

"आणि मी झाडलं की माफी मागायचीस ती?"

"ती खरी होती. मी मागे बघायचे ना सारखी. तुमचे ओठ हलले की कळायचं, काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते मग माझं मी शोधायचे."

"आज?"

"आज तुमचे ओठ थांबतच नव्हते, बाई." तिला हसू आलं की रडू, कळलं नाही. "म्हणून मग तिकडे बघायचंच सोडलं."

परीक्षकांनी डबी बाकावर ठेवली. "धडा धरतो मी. तुमचा प्रश्न राहिला, बाई. वर्ग हिच्या एकटीवर सोडाल का?"

बाईंच्या मनात संताप उसळला. फसवलं हिने आपल्याला, चाळीस पोरांना हाताशी धरून खुळ्यात काढलं. एक 'नाही' म्हटलं की हिशेब चुकता झाला असता, आणि कुणी बोटही दाखवलं नसतं. शिवाय 'हो' म्हटलं की उद्यापासून पुन्हा घर आणि पुन्हा तो जिना. त्यांनी तिकीटवालीकडे पाहिलं. ती पडलेली दोरी गुंडाळत होती. मग त्यांनी सवयीने माईक ओठांशी नेला, बटण दाबलं आणि उत्तर दिलं.

"ऐकू आलं नाही," परीक्षक म्हणाले. "मोठ्याने बोला."

बाईंनी माईक खाली ठेवला. त्या गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या आणि शेवटच्या बाकावरच्याची झोप उडेल अशा आपल्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "सोडते. केव्हाच सोडायला हवा होता."

दाराबाहेर कान लावून बसलेली पोरं तेवढं ऐकून एकच कल्ला करत उठली. पुढचा तास सुरू झाला होता. तिकीटवाली दोरी टाकून त्यांना गप्प करायला धावली, आणि दारातून बाहेर पडताना तिने एकदाही मागच्या बाकाकडे पाहिलं नाही.