हिम्मतरावांच्या नावची लाइन

चिक्कडपल्लीतल्या त्या गल्लीत दोन दुकानांची भिंत एकच होती आणि मालकांचं बोलणं बंद होतं. एकात हिम्मतरावांचा एसटीडी-आयएसडी बूथ. दुसऱ्यात त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचं, अलकाचं, इंटरनेट सेंटर. भाऊ अविनाश जाऊन चार वर्षं झाली होती. सेंटरमध्ये तीन कॉम्प्युटर आणि त्यांच्यात जीव घालणारी एकच टेलिफोन लाइन. ती हिम्मतरावांच्या नावावर होती. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचे दिवस होते, तेव्हा थोरल्यानं अर्ज भरायचा ही घरची रीत.

"लाइन माझी आहे, विसरू नको," हे ते दर दिवाळीला फराळाचं ताट हातात घेऊन सांगत. मनात आलं तर परत करीन, असा त्याचा अर्थ. नाव बदलायचा फॉर्म अलकानं किती वेळा पुढे केला, पण दर वेळी त्यांचा चष्मा घरी राहिलेला.

भांडण पेटलं गल्लीतल्या गंगूबाईंमुळे. त्यांचा मुलगा रितेश शिकागोला. बूथमध्ये मीटरच्या आकड्यांकडे बघत त्या "बरा आहेस ना, ठेवते" एवढंच बोलायच्या. अलकानं एकदा नेटवरून स्वस्तात फोन जोडून त्यांच्या कानाला हेडफोन लावला, आणि त्यांनी रितेशला अर्धा तास अंबाड्याची भाजी शिकवली. आठवड्याभरात गल्लीतल्या सगळ्या आया भिंतीच्या या बाजूला आल्या.

हे बेकायदा होतं. दोन हजार दोन साल उजाडलेलं, सगळा बाजार खुला झाला म्हणून पेपर दहा वर्षं सांगत होते. पण महागड्या आयएसडीला धक्का लागू नये म्हणून नियम असा, की इंटरनेटवरून लेकराला 'जेवलास का' असं लिहून विचारलं तर चालतं, तोंडानं विचारलं तर गुन्हा. हा नियम करणाऱ्याला आई नसावी, असं अलकाचं मत होतं.

संक्रांत झाल्यावर टेलिफोनचे साहेब अप्पाराव दोन लाइनमन घेऊन आले. हातात निनावी तक्रार. खाली 'एक जागरूक नागरिक', आणि दुकानाच्या पत्त्याखाली दोन रेघा. लग्नपत्रिकांवर पत्ते घालताना हिम्मतराव अशाच दोन रेघा ओढत. अलकाला सगळं समजलं. त्यांनी स्वतः लाइन काढली असती तर भावकी म्हणाली असती, विधवा भावजयीच्या पोटावर पाय दिला. सरकारनं काढली की यांचे हात कोरडे.

"अम्मा, लाइन किसके नाम पे है?" अप्पारावांनी विचारलं.

अलकानं बिल काढून दिलं. "बाजूलाच बसतात."

हिम्मतराव हात मागे बांधून, तमाशा बघायला आल्यासारखे आले.

"नेट से बातां आप करा रहे?"

"मैं? मेरा तो बूथ है, साब."

"बूथ की लाइन भी आपकेच नाम पे. लाइन जिसकी, जिम्मा उसका. सब बंद करना पड़ता."

हिम्मतरावांचे हात पाठीमागून पुढे आले. "ये लाइन इसकी है, साब. मेरा खाली नाम है."

"असं कसं, भाऊजी?" अलका म्हणाली. "दर दिवाळीला तर तुमची असते."

एक लाइनमन हसला. हिम्मतराव दात आवळून मराठीत म्हणाले, "अलका, लिहून दे. मला काही माहीत नव्हतं म्हणून."

"देते की. आधी तुम्ही द्या." तिनं खणातून फॉर्म काढला. चार वर्षांत त्याच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

"चष्मा..."

"डोक्यावर आहे."

त्यांनी सही केली. कागद फाटेल इतकं पेन दाबलं. "माझ्या भावाला खाल्लंस, आता लाइन खा," म्हणाले.

अलकाचा हात थांबला. मग तिनं सावकाश, चांगल्या अक्षरात गुन्हा कबूल केला. अप्पारावांनी दोन्ही कागद फाइलला लावले, तीन हेडफोन जप्त केले आणि लाइन तीन महिने बंद केली. जाताना हळूच म्हणाले, "मेरा बेटा भी उधरीच है, अम्मा."

ते तीन महिने तिनं पोरींना टायपिंग शिकवून काढले. गंगूबाई पुन्हा बूथमध्ये "बरा आहेस ना, ठेवते" म्हणू लागल्या, ते भिंतीतून ऐकू यायचं.

एप्रिलमध्ये सरकारनं तो नियम उठवला. नेटवरून परदेशी बोलायला परवानगी मिळाली. जप्त झालेले हेडफोन काही परत आले नाहीत, तिनं कोठीच्या बाजारातून नवे आणले. पहिलं बिल आलं त्यावर तिचं नाव होतं. ते तिनं अविनाशच्या फोटोशेजारी चिकटवलं.

मे महिन्यात एका दुपारी हिम्मतराव दारात उभे. त्यांचा सुधीर डॅलसला. अलकानं खुर्ची दाखवली, नंबर लावून दिला.

पाच मिनिटांनी ते म्हणाले, "आवाज फाटतो. माझ्या बूथवर स्वच्छ येतो."

"मग तिकडून करा."

ते उठले नाहीत. हेडफोन कानावर घट्ट दाबून त्यांनी सुधीरला विचारलं, "जेवलास का?"